अक्षराचे छायाचित्र म्हणजे अभिलेख नव्हे

सरकारी कार्यालयात एखादे नवे उपकरण आले की आधी त्याला हार घातला जातो, मग त्याचे छायाचित्र निघते, मग त्याच्या यशाचा अहवाल वरिष्ठांकडे जातो. त्या उपकरणाने नेमके कोणाचे काम सोपे झाले, हा प्रश्न विचारायचा मात्र राहून जातो. इलेक्ट्रॉनिक रायटिंग पॅडच्या बाबतीत हेच झाले आहे. या लेखात मी त्याला लेखनपाटी म्हणेन, कारण काम पाटीचेच आहे. खास लेखणीने तिच्यावर लिहायचे आणि लिहिलेले अक्षर जसेच्या तसे संगणकात उमटायचे. टंकलेखन शिकण्याची गरज नाही, कागद नाही, शाई नाही. अधिकाऱ्यांना ही पाटी आवडली यात आश्चर्य नाही.

माझे म्हणणे सुरुवातीलाच स्पष्टपणे मांडतो. आपल्या कार्यालयांत ही पाटी बहुतेक वेळा ज्या रीतीने वापरली जाते, त्या रीतीला अभिलेखांचे डिजिटायझेशन म्हणणे चूक आहे. ती कागद हरवण्याची अधिक सुबक पद्धत आहे. हे मी यंत्राचा वैरी म्हणून लिहीत नाही. मी स्वतः ही पाटी वापरली, इतरांना तिची शिफारस केली, त्याबद्दल शाबासकीही घेतली, आणि माझ्या त्या हौसेपायी एका बाईच्या हक्काचे पैसे दुसऱ्यांच्या खात्यात गेले. म्हणून हा लेख.

हकीकत अशी. २०१२ साली मी महाराष्ट्राबाहेरील एका हिंदीभाषक जिल्ह्यात काम करीत होतो. कार्यालय 'कागदविरहित' करण्याची मोहीम जोरात होती. नस्त्या संगणकात चढवल्या जात. कनिष्ठ कर्मचारी आपली टिपणी टंकलिखित करून वर पाठवीत. मी मात्र माझा अभिप्राय लेखनपाटीवर हाताने लिहीत असे. लिहून झाले की त्याचे चित्र तयार होई आणि ते नस्तीला जोडले जाई. मला वेग मिळाला, माझ्या हस्ताक्षराचा आब राहिला आणि टेबल स्वच्छ दिसू लागले. एका आढावा बैठकीत आमच्या कार्यालयाचे कौतुक झाले.

त्याच काळात कालव्यासाठी संपादन झालेल्या जमिनीच्या मोबदल्याचे एक प्रकरण माझ्यापुढे आले होते. खातेदार मरण पावला होता. दोघा भावांनी वारस म्हणून अर्ज केला होता आणि त्यात मृताच्या पत्नीचे नावच नव्हते. ती बाई सुनावणीला आली, बोलली. वारसचौकशी पूर्ण होईपर्यंत मृताच्या हिश्शाची रक्कम कोणालाही देऊ नये, असे मी पाटीवर लिहिले आणि नस्ती खाली पाठवली. पुढे माझी बदली झाली.

तीन वर्षांनी राजधानीत दुसऱ्या पदावर असताना त्याच बाईचा अर्ज फिरत फिरत माझ्या टेबलावर आला. सोबत माहिती अधिकाराखाली तिला मिळालेले उत्तर होते: अशा आशयाची कोणतीही नोंद अभिलेखात आढळत नाही. रक्कम केव्हाच दिरांना देऊन झाली होती. मी ती नस्ती मागवली. माझी टिपणी तिथेच होती, माझ्याच हस्ताक्षरात, तारखेसह. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिच्या नावाने शोध घेतला तर संगणक म्हणे, काही नाही. गट क्रमांकाने शोध घेतला तरी काही नाही. कारण संगणकाच्या दृष्टीने माझी टिपणी हा मजकूर नव्हताच. गावच्या जत्रेचे छायाचित्र आणि माझा आदेश यांत त्याला काही फरक दिसत नव्हता. खालच्या कारकुनाने टंकलिखित टिपण्या वाचल्या होत्या. जोडलेले चित्र त्याने उघडले नव्हते, आणि उघडले असते तरी माझे घाईचे मराठी वळण त्याला लागले असते की नाही, याची मला शंका आहे.

ती बाई मला भेटायला आली तेव्हा तिने आरडाओरडा केला नाही. तिने एवढेच विचारले, "साहेब, तुम्ही लिहिले होते असे म्हणता, मग ते कोणाला दिसले का नाही?" वसुलीची कार्यवाही सुरू झाली. पण खर्च झालेला पैसा परत मिळवणे किती कठीण असते, हे महसूल खात्यात काम केलेल्या कोणालाही सांगायला नको. त्या दिवशी मला तिला नीट उत्तर देता आले नाही. ते येथे देण्याचा प्रयत्न करतो.

पहिला मुद्दा. नस्ती म्हणजे काय, हे आपण विसरत चाललो आहोत. भारतीय प्रशासनात नस्तीला दोन बाजू असतात, पत्रव्यवहाराची आणि टिपणीची. बाहेरून काय आले आणि बाहेर काय गेले ते पहिल्या बाजूला. त्याबद्दल कोणाला काय वाटले, कोणी काय सुचवले, कोणी काय नाकारले आणि शेवटी कोणी काय ठरवले ते दुसऱ्या बाजूला. निर्णयाचा जन्म टिपणीच्या बाजूला होतो. म्हणूनच माहिती अधिकार अधिनियम २००५ साली लागू झाला तेव्हा नस्तीवरील टिपण्या नागरिकाला द्याव्यात की नाही, यावर एवढा वाद झाला. केंद्रीय माहिती आयोगाने २००६ मध्ये निर्णय दिला की टिपण्या हा अभिलेखाचाच भाग आहे आणि त्या मागता येतात. ज्या टिपण्यांसाठी नागरिकांनी भांडून हक्क मिळवला, त्याच आपण चित्रांत कोंडून ठेवल्या तर तो हक्क कागदावरच राहतो.

त्याच अधिनियमाच्या कलम ४(१)(क) मधील क्रम पाहण्याजोगा आहे. सार्वजनिक प्राधिकरणाने आपले सर्व अभिलेख सूचिबद्ध व अनुक्रमित करावेत, माहिती मिळवणे सुलभ होईल अशा रीतीने ठेवावेत, आणि संगणकीकरणास योग्य असलेले अभिलेख वाजवी मुदतीत संगणकावर आणावेत. आधी सूची, मग संगणक. आपण उलटे केले. सूचीचे कष्ट नकोत म्हणून थेट संगणक आणला आणि पाने त्यात ओतली. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००, याच्या कलम ७ मध्येही इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुढे संदर्भासाठी वापरता येईल अशा स्वरूपात उपलब्ध असला पाहिजे, अशी अट आहे. शोधून सापडत नाही आणि सापडला तर वाचता येत नाही, असा अभिलेख या अटीत कसा बसतो, हे मला कोणी समजावून सांगावे.

ज्यांना वाटते की शोधक्षमता ही संगणकाची देणगी आहे, त्यांनी महाराष्ट्रातील 'लखीना पॅटर्न' आठवावा. १९८० च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कार्यालयातील कागदांची छाननी आणि वर्गीकरण केले, नको ते नियमानुसार नष्ट केले आणि हवे ते जागेवर लावले. टेबलावर संगणक नसताना कागद मागितला की सापडू लागला. तेव्हा कागदाचे घर लागलेले होते. आज आपल्याकडे यंत्र आहे आणि घर लागलेले नाही. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

दुसरा मुद्दा अधिक तांत्रिक आहे, पण तो समजून घेतल्याखेरीज आपण कशावर पाणी सोडतो आहोत हे कळत नाही. कागदावरील अक्षराचे स्कॅन आणि लेखनपाटीवरील अक्षर या दोन मूलतः वेगळ्या गोष्टी आहेत. स्कॅनमध्ये फक्त अंतिम आकृती मिळते. पाटी मात्र लेखणीचे टोक कोणत्या क्षणी कुठे होते, याची नोंद दर सेकंदाला शंभराहून अधिक वेळा करू शकते. रेघ कोठून सुरू झाली, कोणत्या दिशेने गेली, लेखणी कधी उचलली, वेलांटी आधी दिली की नंतर, हे सर्व तिला कळते. अक्षर ओळखणाऱ्या प्रणालीला या माहितीचा मोठा आधार मिळतो, कारण देवनागरीत लिहिण्याच्या सवयी माणसागणिक बदलतात. कोणी प्रत्येक अक्षरावर शिरोरेघ देतो, कोणी शब्द संपल्यावर एकदम ओढतो, कोणी देतच नाही. अंतिम आकृतीत एकमेकांना चिकटलेली अक्षरे लेखनक्रम माहीत असेल तर सुटी करता येतात.

या विषयात भारतात काम झालेले नाही असेही नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने तयार झालेल्या आणि २००४ साली बाजारात आलेल्या सिम्प्युटरवर लेखणीने लिहिता येत होते. अनेक भारतीय भाषांत साध्या माणसाला वापरता यावा, हाच त्याचा उद्देश होता. २००६ च्या सुमारास एचपी कंपनीच्या बंगळूर येथील प्रयोगशाळेने देवनागरीसाठी एक पाटी आणली. तिच्यावरील छापील मूळाक्षरावर लेखणीने काना, मात्रा, वेलांटी काढली की पूर्ण अक्षर उमटत असे. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत हस्तलिखित बांगला आणि देवनागरी अंकांच्या ओळखीवर संशोधन झाले. २०११ साली वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने 'इंकएमएल' नावाचे मानक प्रसिद्ध केले. लेखणीच्या हालचाली कोणत्याही एका कंपनीच्या ताब्यात न ठेवता खुल्या स्वरूपात कशा साठवाव्यात, हे त्यात सांगितले आहे.

आता माझ्या कार्यालयातील पाटीने काय केले ते पाहा. तिने माझ्या लेखणीच्या सर्व हालचाली टिपल्या, त्यांवरून एक चित्र बनवले, चित्र ठेवले आणि हालचाली टाकून दिल्या. भुसा कोठारात आणि धान्य उकिरड्यावर. असे का, म्हणून मी पुरवठादाराच्या माणसाला विचारले, तेव्हा त्याने निविदेची प्रत पुढे केली. निविदेत लिहिले होते, 'हस्तलिखित टिपणीची प्रतिमा नस्तीत जतन करता यावी.' आम्ही प्रतिमा मागितली आणि आम्हाला प्रतिमा मिळाली. त्याचे काहीच चुकले नव्हते. चूक मागणाऱ्याची होती आणि त्या निविदेवर सही माझी होती.

तिसरा मुद्दा आपणा महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसांचा विशेष आहे. आपण देवनागरी शिकलो ती मराठी वळणाची. आपले 'ल' आणि 'श' हिंदी पुस्तकांतील वळणाहून वेगळे. आपला 'ळ' उत्तरेच्या कारकुनाला अनोळखी. 'दुसऱ्या'मधला आपला रफार पाहून तो थबकतो. 'ख' आणि 'रव' यांचा घोळ तर एवढा जुना, की हिंदीच्या प्रमाणीकरणात 'ख'चा खालचा भाग मुद्दाम जोडून घ्यावा लागला. आकड्यांचेही तेच. पाच, आठ आणि नऊ यांची वळणे प्रदेशाप्रदेशांत वेगळी. मोबदल्याच्या रकमेत किंवा गट क्रमांकात एक आकडा चुकला की एका कुटुंबाचे पाच-दहा हेलपाटे ठरलेले. लिपी एक असूनही ही अवस्था. मग मराठी अधिकारी ओडिशात ओडिया किंवा कर्नाटकात कन्नड लिहू लागला की त्याच्या शिकाऊ अक्षराचे काय होत असेल, याची कल्पना करावी. भारतीय प्रशासनाची रचनाच अशी आहे की एका प्रांताचा हात दुसऱ्या प्रांताच्या नस्तीवर लिहीत असतो. वाचणारा वेगळ्या वळणाचा असणार, हे येथे गृहीतच धरले पाहिजे.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर कसे असावे, ते आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखे कसे राहावे, इतक्या बारकाव्यांनी त्यांनी हा विषय मांडला. त्याचे सार मला असे वाटते की अक्षर लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी नसते, ते वाचणाऱ्यासाठी असते. लेखनपाटी विकत घेताना आपण नेमके हेच विसरलो. ती आपण लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी घेतली.

आता आक्षेपांकडे वळतो.

पहिला आक्षेप असा की हा प्रश्न आता मिटल्यातच जमा आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता कोणतेही हस्ताक्षर वाचते. २०२२ पासून 'भाषिणी'सारखा राष्ट्रीय उपक्रम भारतीय भाषांसाठी काम करीत आहे, मोबाइलवर बोटाने लिहिलेले मराठीही ओळखले जाते, तेव्हा आज चित्रे साठवू, उद्या यंत्र ती वाचील. या आक्षेपात तथ्य आहे आणि धोकाही आहे. यंत्रे हस्ताक्षर वाचू लागली आहेत, हे खरे. पण जिथे अक्षर लागत नाही तिथे ती थांबतातच असे नाही. पुष्कळदा ती अंदाज करतात आणि तो अंदाज छान, सुसंगत, व्याकरणशुद्ध वाक्यात मांडतात. 'मुलगी' आणि 'मुलगा' या दोहोंत एका काना-वेलांटीचा फरक असतो, पण वारसनोंदीत तो फरक म्हणजे एका माणसाचा संपूर्ण हक्क असतो. 'देऊ नये' मधला 'नये' पुसट असेल आणि यंत्राने 'द्यावे' असे वाचले तर वाक्य बिनचूक राहील, आदेश मात्र उलटा होईल. ही चूक कोण पकडणार? लिहिणारा समोर असेल तर तोच, तिथल्या तिथे. वीस वर्षांनी त्याची बदली, निवृत्ती, कदाचित मृत्यूही झालेला असेल, आणि यंत्राला खोटे ठरवणारा कोणी उरलेला नसेल. म्हणून हस्ताक्षराचा मजकूर करण्याची योग्य वेळ एकच: लिहिणारा जागेवर असताना, सही करण्यापूर्वी.

तंजावरचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी राज्यकर्त्यांच्या काळातील मोडी कागद आहेत. त्यांची चित्रे काढणे आवश्यकच आहे, कारण कागद नाशवंत आहे. २०१४ साली युनिकोडमध्ये मोडी लिपीला स्थानही मिळाले. तरी त्या कागदांत काय आहे, हे समजण्यासाठी मोडी वाचणारा माणूस लागतो आणि अशी माणसे थोडी आहेत. त्या कारकुनांना आपण दोष देऊ शकत नाही. त्यांच्या काळात मोडी वाचणारे घरोघरी होते. आपण मात्र जाणूनबुजून, हाताशी सर्व साधने असताना, पुढच्या पिढीसाठी नवे मोडी दप्तर तयार करीत आहोत.

दुसरा आक्षेप: मग पाटी हवीच कशाला? सर्वांनी टंकलेखन करावे. ज्याला येते त्याने अवश्य करावे, आणि तेवढे शिकायचा कंटाळा लपवण्यासाठी पाटीची ढाल पुढे करू नये. पण टेबलामागचा अधिकारी म्हणजे संपूर्ण प्रशासन नव्हे. पुराच्या पाण्यात उभा राहून पंचनामा करणारा पटवारी, अपघाताच्या जागी जबाब घेणारा हवालदार, पाड्यावर लसीकरणाची नोंद करणारी परिचारिका, या लोकांच्या हाती कळफलक देणे अव्यवहार्य आहे. हे लोक आजही वहीत लिहितात, कार्यालयात परततात आणि रात्री किंवा आठवड्याने संगणकात भरतात. या दोन नोंदींच्या मधल्या वेळात काय काय बदलू शकते, हे मी सांगायची गरज नाही. पाटीची खरी जागा येथे आहे. आपण ती सर्वांत वरच्या टेबलावर ठेवली आणि शेवटच्या कर्मचाऱ्याच्या हाती पुन्हा वहीच दिली.

तिसरा आक्षेप पुराव्याचा आहे. हस्ताक्षर हीच जबाबदारीची खूण आहे, टंकलिखित मजकूर कोणीही लिहू शकतो, असे जुने अधिकारी म्हणतात. हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. अधिकाऱ्याची डिजिटल स्वाक्षरीची किल्ली स्वीय सहायकाच्या खणात पडलेली असणे, हे दृश्य मी एकापेक्षा अधिक कार्यालयांत पाहिले आहे. वस्तुतः आपली खाजगी किल्ली स्वतःच्या नियंत्रणात ठेवणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४२ नुसार त्या व्यक्तीचे कर्तव्य आहे. टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तोंडी आदेशांवर काम करू नये, आदेश लेखी नोंदवावेत, असे बजावले. लेखी याचा अर्थ, ज्याचा निर्णय त्याच्याच नावे आणि त्याच्याच जबाबदारीवर. हस्ताक्षर दुसऱ्याच्या हाती सोपवता येत नाही, हा त्याचा मोठा गुण. म्हणूनच मी ते नष्ट करा असे म्हणत नाही. पण पाटीवर गिरवलेल्या सहीचे चित्र म्हणजे डिजिटल स्वाक्षरी नव्हे. ते चित्र उचलून दुसऱ्या कागदावर डकवायला दोन मिनिटे पुरतात. खरी डिजिटल स्वाक्षरी त्या विशिष्ट मजकुराशी गणिताने बांधलेली असते आणि मजकुरातील एक मात्रा बदलली तरी ती तुटते. न्यायालयातही इलेक्ट्रॉनिक अभिलेखाची छापील प्रत पुरावा म्हणून द्यायची तर प्रमाणपत्र लागते. पूर्वीच्या पुरावा अधिनियमाचे कलम ६५-ब आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ हेच सांगते. जालन्याच्या एका निवडणूक वादातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या प्रकरणात २०२० साली हे प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे पुन्हा ठामपणे सांगितले गेले. सुंदर अक्षराचे चित्र पाहून न्यायालय विरघळत नाही.

हे सारे अशक्य कोटीतले आहे असे कोणी म्हणू नये. कर्नाटकाने 'भूमी' प्रकल्पात १७७ तालुक्यांतील सुमारे ६७ लाख जमीनधारकांचे २ कोटी उतारे हस्तलिखित वह्यांतून संगणकात आणले, आणि त्यानंतर हाताने लिहिलेला उतारा देणे बंद केले. तेथे वह्यांची चित्रे काढून समाधान मानले नाही. मजकूर केला, गावच्या लेखापालाकडून तपासून घेतला आणि मग तोच प्रमाण ठरवला. महाराष्ट्रात संगणकीकृत सातबाऱ्यांत चुका शिरल्या, तेव्हा त्या हस्तलिखित उताऱ्यांशी ताडून पाहाव्या लागल्या आणि गावोगावी चावडी वाचन झाले. यंत्रातला उतारा गावापुढे मोठ्याने वाचायचा, आणि ज्याचे नाव चुकले तो उभा राहून सांगणार. मला ही पद्धत कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा श्रेष्ठ वाटते. हस्ताक्षराचा मजकूर करताना शेवटची तपासणी ज्याचा हक्क आहे त्याच्या कानांनी व्हावी, हे तत्त्व त्या चावडीने सिद्ध केले आहे.

म्हणून माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. केवळ प्रतिमेच्या स्वरूपात साठवलेले पान 'डिजिटायझेशन झालेले' म्हणून कोणत्याही अहवालात मोजू नये. निदान व्यक्तींची नावे, गाव, गट क्रमांक, तारीख आणि निर्णयाचे एक वाक्य एवढे तरी युनिकोड मजकुरात असलेच पाहिजे. केंद्र सरकारने २००९ सालीच युनिकोड हे ई-प्रशासनाचे मानक ठरवले आहे.

२. पाटीवर लिहिलेल्या टिपणीच्या लेखणीहालचाली खुल्या स्वरूपात जपाव्यात, एखाद्या कंपनीच्या बंद पेटीत नव्हे. २०१० च्या खुल्या मानकांच्या राष्ट्रीय धोरणाशी हेच सुसंगत आहे. कंपनी बुडाली तरी टिपणी वाचता आली पाहिजे.

३. यंत्राने ओळखलेला मजकूर हस्ताक्षराशेजारीच दिसावा, लिहिणाऱ्याने तो वाचून दुरुस्त करावा, आणि मगच दोहोंवर मिळून एकच डिजिटल स्वाक्षरी व्हावी. तोपर्यंत नस्ती पुढे सरकूच नये.

४. पाट्यांचे वाटप खालून वर व्हावे. प्रथम गावपातळीवरील कर्मचाऱ्यांना, सर्वांत शेवटी सचिवांना. आणि पंचनामा वा जबाब संबंधित व्यक्तीला जागेवरच वाचून दाखवून त्याची प्रत द्यावी.

५. कंत्राटदाराला पानामागे पैसे देऊ नयेत. पानामागे पैसे दिले की पाने मिळतात. कोणतीही शंभर पाने निवडून, नस्ती कधीही न पाहिलेल्या माणसाला फक्त नाव आणि गाव सांगावे. त्याला जेवढी पाने सापडतील तेवढ्यांचेच पैसे द्यावेत.

यांपैकी एकही गोष्ट तंत्रज्ञानाच्या अभावी अडलेली नाही. अडते ती आपल्या सोयीपाशी. तिसऱ्या मागणीसाठी अधिकाऱ्याला स्वतःची टिपणी पुन्हा वाचावी लागेल, यात दोन मिनिटे जातील. ती दोन मिनिटे २०१२ साली मी दिली नाहीत आणि त्या बाईची तीन वर्षे गेली.

हा लेख वाचणाऱ्यांपैकी अनेक जण महाराष्ट्राबाहेर, काही जण भारताबाहेर, बँकांत, रुग्णालयांत, सॉफ्टवेअर कंपन्यांत काम करीत आहेत. अशा प्रणाली तुम्हीच बांधता, तुम्हीच तपासता, कधी कधी त्यांच्या निविदाही लिहिता. पुढच्या वेळी कोणी तुम्हाला हाताचे अक्षर पडद्यावर हुबेहूब उमटलेले दाखवून टाळ्या मागेल, तेव्हा टाळी वाजवण्यापूर्वी त्याच अक्षरातले एखादे नाव शोधखिडकीत टाकून पाहा. उत्तर 'काही आढळले नाही' असे आले, तर त्या उत्तराच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी अर्ज हातात घेऊन उभे आहे, एवढे ध्यानात ठेवा.